नेट चालू, पण एकही पान उघडेना: माझा अनुभव

कराडच्या घरी माझे वडील, म्हणजे नाना, 2012 साली घेतलेल्या संगणकावरच अजून सगळी कामे करतात. वर्तमानपत्र वाचणे, विजेचे बिल भरणे, बँकेचे खाते पाहणे आणि दर जुलैमध्ये आयकराचे विवरणपत्र भरणे, हे सगळे त्यांना स्वतःच्या हाताने करायला आवडते. मी पुण्यात असतो. त्या जुलैच्या मध्यावर त्यांचा फोन आला, की ब्राउझर उघडतो, पण कोणतेही संकेतस्थळ उघडत नाही. विवरणपत्राची मुदत 31 तारखेची होती. दोष अखेर 40 रुपयांच्या एका सेलमध्ये निघाला. तिथपर्यंत पोचायला मात्र आठ दिवस लागले, आणि त्यातले सहा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या तक्रार केंद्रापायी गेले. तो राग अजून शमलेला नाही.

पहिल्याच दिवशी नानांनी केंद्राला फोन करून पडद्यावर काय दिसते ते स्वच्छ शब्दांत सांगितले होते: ‘युअर क्लॉक इज बिहाइंड असे लिहिले आहे, पण माझे घड्याळ तर बरोबर आहे.’ पलीकडच्या मुलाने या वाक्याची दखलच घेतली नाही. ‘सर, राउटर बंद करा आणि दहा सेकंदांनी चालू करा,’ एवढेच तो सांगत राहिला. नानांनी तसे तीनदा केले. फोनवरचे वायफाय त्या वेळी उत्तम चालत होते, हेही त्यांनी सांगितले. एकाच वायफायवर फोन चालतो आणि संगणक चालत नाही, तेव्हा दोष वाहिनीत नसून संगणकात आहे, एवढा तर्क त्या केंद्रात कोणीतरी करायला हवा होता. तो कोणी केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या व्यक्तीने फोन उचलला. नानांनी तक्रार क्रमांक सांगितला, तरी सगळी हकीकत पहिल्यापासून विचारण्यात आली, आणि त्यानंतर जे सांगण्यात आले त्याला मी अक्षम्य चूक म्हणतो. राउटरच्या मागे एक बारीक भोक असते, त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरा, असे एका 74 वर्षांच्या माणसाला सांगितले गेले. नानांनी चष्मा लावून, टॉर्चच्या उजेडात ते केले. असे केल्याने राउटरमधली सगळी माहिती पुसली जाते. वायफायचे नाव आणि पासवर्ड तर जातोच, शिवाय कंपनीने जोडणीसाठी दिलेले यूजरनेम आणि पासवर्डही जातात, आणि ते नानांजवळ कुठेही लिहिलेले नव्हते. राउटरवरचा इंटरनेटचा दिवा लाल झाला आणि फोनवरचे नेटही बंद पडले. आता पडद्यावरची सूचनाही बदलली होती: ‘डीएनएस प्रोब फिनिश्ड नो इंटरनेट’. आधीच्या सूचनेत जोडणी होती आणि घड्याळाबद्दल तक्रार होती. या सूचनेत जोडणीच नव्हती. तक्रार केंद्राच्या लेखी मात्र दोन्हींचा अर्थ ‘नेट बंद’ एवढाच होता.

तंत्रज्ञ आज येईल, उद्या सकाळी येईल, असे ऐकण्यात तीन दिवस गेले. या काळात मी पुण्याहून रोज फोन करत होतो. प्रत्येक वेळी आधी संगीत, मग भाषा निवडण्यासाठी आकडे, मग ‘आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ आणि पुन्हा संगीत. पाचव्या दिवशी तंत्रज्ञ आला आणि त्याने यूजरनेम-पासवर्ड पुन्हा भरले. स्वतःच्या फोनवर वेगाची चाचणी घेऊन तो म्हणाला, ‘लाइन ओके आहे, काका. कॉम्प्युटर फॉरमॅट करावा लागेल.’ संगणकाच्या पडद्याकडे त्याने एकदाही पाहिले नाही. तो जिना उतरत असतानाच नानांच्या फोनवर तक्रारीचे निवारण झाल्याचा संदेश आला. सहाव्या दिवशी मी ती तक्रार पुन्हा उघडायला लावली, तेव्हा उत्तर मिळाले की कंपनीची जबाबदारी राउटरपर्यंतच आहे. नियमाला धरून ते बरोबरही असेल. पण मग पहिल्याच दिवशी तसे सांगून नानांना मोकळे करायचे होते, टाचणी कशासाठी घालायला लावली?

त्या रात्री मी नानांना पडद्याचा फोटो पाठवायला सांगितले. हे मी पहिल्या दिवशीच करायला हवे होते, आणि कोणीही घरच्या माणसाला दुरून मदत करत असेल तर त्याने प्रथम हेच करावे. मोठ्या अक्षरांतल्या मथळ्याखाली बारीक ओळ होती, तिच्यात संगणक कोणती तारीख धरून चालला आहे ते कंसात दिलेले होते. वेळ बरोबर, दिवस बरोबर, महिना जुलै, आणि साल 2012.

मग सगळा उलगडा झाला. मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर, सीआर 2032 नावाचा 3 व्होल्टचा चपटा सेल असतो. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. तो संपला, तरी भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत घड्याळ तग धरते, कारण प्लगमधून थोडा वीजपुरवठा मिळत राहतो. पावसाळा सुरू झाल्यावर विजांच्या भीतीने नाना रोज रात्री भिंतीवरचे ते बटण बंद करू लागले होते, त्यामुळे घड्याळ रोज मूळ सालावर, म्हणजे 2012 वर, परत जात असे. रोज सकाळी संगणक काळ्या पडद्यावर काही अक्षरे दाखवून एफ-1 दाबायला सांगत असे, नाना ते दाबत आणि मग दिवस, महिना, वेळ नेटकेपणाने लावत. साल तपासावे असे त्यांना वाटले नाही, आणि ते कोणालाही वाटले नसते. शिवाय पडद्याच्या खालची पट्टी मीच पूर्वी लहान करून ठेवली होती. विंडोज 10 मध्ये ती लहान केली की कोपऱ्यात फक्त वेळ दिसते, तारीख दिसत नाही.

प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ ब्राउझरला एक प्रमाणपत्र दाखवते, त्यावर मुदतीची सुरुवात आणि शेवट लिहिलेला असतो. 1 सप्टेंबर 2020 पासून अशी मुदत 398 दिवसांहून जास्त ठेवता येत नाही, आणि पुढे ती आणखी कमी करण्याचे ठरले आहे. 2012 सालात अडकलेल्या संगणकाच्या दृष्टीने आजच्या एकाही प्रमाणपत्राची मुदत सुरूच झालेली नव्हती, म्हणून ब्राउझर सगळ्यांनाच नकार देत होता. फोनला वेळ मोबाइल नेटवर्ककडून मिळते, त्यामुळे तो सुखरूप होता. ब्राउझर आपले काम चोख करत होता, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे. अशा पानांवर कधी कधी धोका पत्करून पुढे जाण्याचा दुवा असतो. बँकेच्या किंवा आयकराच्या बाबतीत तो कधीही वापरू नये.

शनिवारी मी कराडला गेलो आणि स्टँडजवळच्या घड्याळाच्या दुकानातून सेल घेतला. प्लग काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली, बाजूची लहान क्लिप नखाने दाबली आणि जुना सेल टपकन वर आला. नवा बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर ठेवायची. या कामाला दहा मिनिटेही लागली नाहीत. सुरू करताना डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, तारीख सालासकट भरली आणि एफ-10 ने जतन केली.

एक गोष्ट सांगायची राहिली. सेल बदलण्याआधीच फोटो पाहून मी नानांना विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमधले वेळ आपोआप जुळवण्याचे बटण दाबायला सांगितले होते, पण ते चालले नाही. फरक 15 तासांहून जास्त असेल, तर विंडोज घड्याळ आपणहून दुरुस्त करत नाही. आधी तारीख हाताने जवळपास आणावी लागते, मगच ते बटण उपयोगी पडते. त्याच पानावर टाइम झोन भारतीय प्रमाणवेळेचा, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेहून साडेपाच तास पुढचा आहे ना, हेही पाहून घ्यावे.

राउटरचे यूजरनेम आणि पासवर्ड आता एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहेत. कंपनीला मी पत्र पाठवले आहे, की तक्रार घेणाऱ्याने पहिला प्रश्न ‘पडद्यावर नेमके काय लिहिले आहे?’ हा विचारावा आणि उत्तर तसेच्या तसे लिहून घ्यावे. उत्तर आलेले नाही.

संध्याकाळी नाना स्वतः संगणकासमोर बसले. आयकराचे पान उघडले तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, फक्त खुर्ची पुढे ओढून पॅन क्रमांक टाकू लागले. विवरणपत्र रात्री साडेनऊला दाखल झाले, आणि आधारच्या ओटीपीने त्याची पडताळणीही त्यांनी तिथेच करून टाकली.