कसबा पेठेतील वाड्यांचे रेखाटन: आराखड्यानंतर दर्शनी भाग

पुण्याच्या कसबा पेठेतील जुन्या वाड्यांची मोजमापांसह रेखाटने करण्याचे माझे काम आता तळमजल्याच्या आराखड्यांकडून दर्शनी भागाकडे सरकले आहे. या टप्प्यात एक क्रम मी पक्का केला आहे: कागदावर आधी खण, म्हणजे दोन खांबांमधले गाळे, आखायचे आणि भिंती नंतर काढायच्या. वाड्याचा भार मुख्यतः लाकडी खांब आणि त्यांवर टाकलेल्या तुळया पेलतात. त्यामुळे दोन खांबांमधले अंतर मिळालेल्या लाकडाच्या लांबीवर ठरते, आणि ओसरी, माजघर, माडीवरच्या खिडक्या, चौकाच्या चारही बाजू हे सारे त्याच अंतराच्या हिशेबात बसते. खणांची ही जाळी आखून झाली की तिच्याशी न जुळणारी भिंत लगेच नजरेत भरते. भाडेकरूंसाठी खोल्या पाडताना बुजवलेल्या ओसऱ्या मला बहुतेक अशाच सापडल्या.

सर्वाधिक वेळ खांबांनी घेतला, आणि तो घेण्याजोगाच होता. सुरूच्या झाडाच्या आकाराचा खांब तळाशी फुगीर असून वर निमुळता होत जातो. तो उतार सरळ रेषेत काढला तर खांब निर्जीव दिसतो, म्हणून थोड्या थोड्या उंचीवर घेर मोजून मी वक्ररेषा जुळवतो. तुलनेसाठी मी 1807 सालच्या विश्रामबागवाड्याचा दर्शनी सज्जा समोर ठेवला आहे, कारण तिथले सुरूचे खांब आणि कोरीवकाम उत्तर पेशवाईतील सुतारकामाची उंची दाखवतात. पेठेतील साध्या वाड्यांत कोरीवकाम कमी असले, तरी खांबाखालचा दगडी तळखडा आणि वरची महिरप यांचे प्रमाण तितक्याच काळजीने सांभाळलेले आढळते.

काळ ठरवताना छपरावर फार विसंबू नये, असे माझे मत झाले आहे. मंगळुरी कौलांचे कारखाने 1865 नंतरचे. त्यामुळे पेशवाईतील वाड्यावर ती कौले दिसली, तर त्यांवरून दुरुस्तीचा काळ कळतो, वाड्याचा नव्हे. बिडाच्या नक्षीदार कठड्यांचेही तेच. मूळ वाडा रस्त्याकडे जवळजवळ पाठ करून असतो: घडीव दगडाचे जोते, मोजकी गवाक्षे, दिंडी (मोठ्या दारातले लहान दार) असलेला भक्कम दरवाजा, आणि सगळा मोकळेपणा आत चौकात. इंग्रजी अमदानीत तोच वाडा सज्जे काढून रस्त्याकडे उघडू लागतो. असे दोन काळ एकाच दर्शनी भागात असतील, तर पहिला काळ्या आणि दुसरा तपकिरी शाईने काढतो. ही मिश्र उदाहरणे मला शुद्ध नमुन्यांपेक्षा अधिक मोलाची वाटतात.

नदीकाठच्या पेठांत आणखी एक थर लक्षात घ्यावा लागतो. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा मातीत बांधलेल्या भिंती पाण्याने विरघळल्या आणि असंख्य वाडे कोसळले. म्हणून जुना लाकडी सांगाडा आणि खाली सिमेंटमधले नवे वीटकाम अशी जोडी दिसल्यास तिची वेगळी नोंद करतो.

आता चौकातून घेतलेला उभा छेद काढायचा आहे. त्यात तुळई, तिच्यावरच्या कड्या, त्यांवरचे पाट आणि वरचा मातीचा थर असा संपूर्ण कडीपाट दाखवता येईल. वाई किंवा नाशिकच्या वाड्यांची मोजणी ज्यांनी केली असेल, त्यांनी तिथल्या खणांची मापे कळवावीत. ती मिळाल्यास छेद काढण्याआधीच पुण्याच्या मापांशी ताडून पाहीन.