तारीख एक, रेकॉर्डिंगं डझनभर : ग्रेटफुल डेडची चांगली टेप शोधताना

कुठल्या तारखेचा शो ऐकायचा हे ठरायला मला एक संध्याकाळ पुरली. त्या तारखेचं नेमकं कुठलं रेकॉर्डिंग ऐकायचं, यात तीन आठवडे गेले. त्याची चिडचिड अजून पुरती गेलेली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. पुढच्या माणसाचे तेवढे तरी दिवस वाचावेत.

ग्रेटफुल डेड हा कॅलिफोर्नियातला बँड 1965 ते 1995 अशी तीस वर्षं वाजवत राहिला. दोन हजार तीनशेच्या वर शो, आणि एक दुसऱ्यासारखा नाही. तेच गाणं एका रात्री दहा मिनिटांत आटपतं आणि दुसऱ्या रात्री पंचवीस मिनिटं रंगतं. एकाच गवयाचा यमन दर मैफलीत वेगळा लागतो, तसंच हे आहे; त्यामुळे स्टुडिओतले आल्बम ऐकून हा बँड कळत नाही. श्रोत्यांनी शो टेप करावेत, पैसे न घेता एकमेकांना द्यावेत, याला बँडची मुभा होती. ऑक्टोबर 1984 पासून तर टेपर मंडळींसाठी साउंडबोर्डच्या (आवाज सांभाळणाऱ्या मिक्सरच्या) मागे वेगळी जागाच राखून ठेवली जाऊ लागली. आज इंटरनेट अर्काइव्हवर या कारकिर्दीचा फार मोठा भाग ऐकायला मिळतो.

तारखांचं आधी उरकतो. 8 मे 1977, कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल. 27 ऑगस्ट 1972, ऑरेगनमधलं व्हेनीटा, उघड्यावर, रणरणत्या उन्हात. 13 फेब्रुवारी 1970, न्यूयॉर्कचं फिलमोर ईस्ट. 29 मार्च 1990, नॅसाव कोलिसियम, सॅक्सोफोनवर पाहुणा ब्रॅनफर्ड मार्सालिस. या चारपैकी जो काळ आवडेल त्याच दौऱ्यातले आजूबाजूचे शो घ्या. कॉर्नेल आवडलं तर आदल्या दिवशीचं बॉस्टन आणि दुसऱ्या दिवशीचं बफेलो ऐकलंच पाहिजे. एवढं पुरे, खरी अडचण इथून पुढे आहे.

तारीख टाकली की एकाच शोची डझनभर रेकॉर्डिंगं समोर येतात. प्रत्येकाला साडेचार-पावणेपाच तारे. हे तारे बघून निवड करू नका. लोक तारे देतात ते त्या रात्रीच्या वादनाला, टेपला नाही. टेप पाण्यात बुडून निघाल्यासारखी वाजत असली तरी शो गाजलेला असेल तर पाच तारे पडतात. मी पहिला आठवडा असाच घालवला: जास्त तारे, जास्त डाउनलोड, तेच आधी लावायचं. जास्त डाउनलोड म्हणजे फक्त ते रेकॉर्डिंग सगळ्यांत आधी आलं होतं, एवढंच. त्याच शोची पाच-सात वर्षांनी मूळ रिळावरून नव्यानं केलेली प्रत खाली कुठेतरी पडलेली असते.

वाचायचा असतो तो रेकॉर्डिंगबरोबरचा मजकूर. त्यात एक ओळ असते, टेपची वंशावळ. उदाहरणार्थ: एसबीडी > मास्टर रील > डॅट > सीडी > फ्लॅक. एसबीडी म्हणजे साउंडबोर्ड, थेट मिक्सरमधून घेतलेला आवाज. एयूडी म्हणजे श्रोत्यांत माइक उभा करून केलेली ऑडियन्स टेप. डॅट म्हणजे डिजिटल टेप, फ्लॅक म्हणजे आवाजातलं काहीही न गमावणारा फाइलचा प्रकार. पुढचा प्रत्येक बाण म्हणजे एक प्रत. यात कॅसेटचे बाण मोजा. कॅसेटवरून कॅसेट केली की दर वेळी सूंऽऽ आवाज वाढतो आणि झांजांची चमक जाते. तिसऱ्या प्रतीनंतर वरचे स्वर मातीत जातात. डॅट किंवा संगणकात आल्यावर पुढच्या प्रतींनी नुकसान होत नाही, म्हणून ते बाण सोडून द्या. ज्या मजकुरात 'एसबीडी > ? > फ्लॅक' असं लिहिलंय ते रेकॉर्डिंग शेवटी ऐका. आणि तशी टेप चढवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: टेप कुणाकडून, किती प्रतींनंतर आली हे माहीत असेल तर दोन ओळी लिहा हो. त्या दोन ओळी नसल्या तर ऐकणाऱ्याचे तास जातात.

साउंडबोर्ड म्हणजे उत्तमच, ही समजूत माझीही होती. तसं नाही. मिक्सरमधून जातं ते सभागृहातल्या स्पीकरसाठी. लहान हॉलमध्ये गिटारचा अँप्लिफायर स्वतःच एवढा मोठा असतो की मिक्सरमध्ये गिटार थोडीच घेतात. मग टेपवर गाणाऱ्यांचे गळे पुढे आणि बँडचा गिटारवादक जेरी गार्सियाची गिटार शेजारच्या खोलीत. 1974 चं प्रकरण आणखी वेगळं. त्या वर्षी वॉल ऑफ साउंड होती, म्हणजे स्पीकरची भिंत वादकांच्या पाठीमागे. माइक शिट्टी मारू नयेत म्हणून प्रत्येक गायकापुढे दोन माइक उलट फेजमध्ये जोडलेले (दोन्हींत सारखा शिरलेला आवाज एकमेकांना खोडून काढतो), गायचं त्यांतल्या एकातच. त्यामुळे त्या वर्षीच्या साउंडबोर्डवर गळे पातळ, पोकळ येतात. टेपची चूक नाही ती, दुसरी प्रत शोधून काही मिळत नाही.

याला मोठा अपवाद बँडच्या ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन. त्या हॉलच्या मिक्सरवर विसंबून न राहता रिळासाठी वेगळा मिक्स करायच्या. कॉर्नेलची टेप त्यांचीच. त्यांची रिळं 1986 मध्ये गोदामाचं भाडं थकल्यामुळे लिलावात निघाली आणि तिथून प्रती पसरल्या. मजकुरात 'बेटी बोर्ड' दिसलं की पुढचा विचार न करता लावा. 1977 च्या वसंतातला बेसचा आवाज त्यात जसा गोल येतो तसा दुसऱ्या कशात येत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात मी उलट करतो: चांगली ऑडियन्स टेप आधी, साउंडबोर्ड नंतर. त्या काळचे साउंडबोर्ड कोरडे आहेत, टाळी नाही, हॉल नाही. ऑडियन्स टेपमध्ये एफओबी असं लिहिलेलं असेल तर माइक साउंडबोर्डच्या पुढे होता, म्हणजे स्टेजजवळ. हे बहुधा चांगलं. मॅट्रिक्स म्हणजे साउंडबोर्ड आणि ऑडियन्स टेप एकत्र केलेली. चांगलं जमलं तर याहून सुंदर काही नाही, पण माइक तीस मीटर मागे असेल तर तिथे आवाज सुमारे नव्वद मिलिसेकंद उशिरा पोचतो. तेवढं सरकवलं नसेल, किंवा दोन टेपांचा वेग जुळत नसेल, तर स्नेअर ड्रम दोनदा वाजतो. सुरुवातीला ऐकून फसू नका. सेटच्या, म्हणजे शोच्या एका भागाच्या, शेवटच्या गाण्यात ऐका, फरक तिथे उघडा पडतो.

आता वेग. यानं मला सगळ्यांत जास्त छळलं. टेप ऐकताना काहीतरी खुपत राहतं, गाणारा किंचित कोवळा वाटतो, ताल किंचित घाईत, आणि दोष मजकुरात लिहिलेला नसतो. बॅटरीवरच्या टेपरेकॉर्डरची बॅटरी उतरली की टेप हळू फिरते. ती पुढे नीट वेगानं वाजवली की सगळं चढ्या पट्टीत. एक टक्का वेग वाढला तर स्वर 17 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढतो, सहा टक्क्यांना पूर्ण अर्धा स्वर. तपासायची माझी रीत अगदी घरगुती आहे: फोनवर तानपुऱ्याचं अॅप, पट्टी पांढरी सहा, म्हणजे ए. 'डार्क स्टार' ए मध्येच आहे, कोमल निषादासकट, आपल्या खमाज थाटासारखं. तानपुरा मंद लावून त्यावर टेप लावा. वेग बरोबर असेल तर बेसचा षड्ज तानपुऱ्यात विरघळतो. नसेल तर दोन स्वरांमध्ये थरथर येते, आणि ती एकदा ऐकू आली की मग ती टेप तशीच ऐकवत नाही. तानपुऱ्याचा ए 440 हर्ट्झवरच आहे ना, हे सेटिंगमध्ये बघून घ्या.

दुसरी रीत विजेची. अमेरिकेतला वीजपुरवठा 60 हर्ट्झचा, त्याची घरघर बऱ्याच टेपांवर असते. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन गाण्यांमधला शांत तुकडा निवडा, प्लॉट स्पेक्ट्रम उघडा, आकार 65536 ठेवा. शिखर 60 ला, 120 ला, 180 ला यायला हवं. 180 चं बघणं सोयीचं, कारण तिथे चूक तिप्पट दिसते. 180 ऐवजी 183.6 आलं तर टेप दोन टक्के वेगात आहे. वेग बदलण्याच्या इफेक्टमध्ये उणे दोन घाला. वेग आणि पट्टी एकत्र बदलणाराच इफेक्ट घ्या, फक्त पट्टी बदलणारा नको, त्यानं ताल घाईतच राहतो. मात्र ही घरघर मागाहून प्रत करताना शिरलेली असू शकते, तेव्हा तानपुऱ्याशी ताडून बघितल्याशिवाय काही दुरुस्त करू नका. मी एकदा केलं, आणि नीट असलेली टेप बिघडवली.

टेप पलटल्याची जागाही बघा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची, दुसरा सेट बहुधा त्याहून मोठा. म्हणजे बाजू संपते ती नेमकी रंगात आलेल्या जॅममध्ये. चांगल्या संपादकानं तिथे दुसऱ्या टेपचा पॅच लावलेला असतो आणि कुठल्या मिनिटाला लावला ते लिहिलेलं असतं. गाण्यांच्या यादीत दोन नावांमध्ये बाण असेल तर तिथे वादन थांबलेलं नाही. असा सांधा एमपीथ्रीमध्ये ऐकला की बारीकशी खाच येते, फ्लॅकमध्ये येत नाही. त्यामुळे 'स्कार्लेट बेगोनियाज' मधून 'फायर ऑन द माउंटन' मध्ये जाताना टेप तुटल्यासारखी वाटली तर आधी फाइलचा प्रकार बघा.

डाउनलोडचं: नोव्हेंबर 2005 पासून इंटरनेट अर्काइव्हवर साउंडबोर्ड फक्त तिथल्या तिथे ऐकता येतात, ऑडियन्स टेप उतरवून घेता येतात. साउंडबोर्ड जवळ हवाच असेल तर अधिकृत आवृत्ती विकत घ्या. कॉर्नेल 2017 मध्ये आलं, आणि 1972 चा युरोप दौरा 2011 मध्ये बावीसच्या बावीस शोंसकट. जुन्या एसएचएन फाइली (फ्लॅकच्या आधीचा तसाच प्रकार) मिळाल्या तर फ्लॅक करून ठेवा, सोबतचा एमडी5, म्हणजे फाइल बिनचूक आहे का ते सांगणारा आकडा, तपासून मगच मूळ पुसा.

तबला ऐकणाऱ्यांना एक वेगळी वाट सुचवतो. बँडचा ड्रमर मिकी हार्ट अल्लारखाँसाहेबांचं ऐकून भारावला होता, आणि 1976 च्या डिगा ऱ्हिदम बँडमध्ये मुंबईचे झाकीर हुसेन त्याच्याबरोबर होते. 1969 च्या सुरुवातीच्या टेपांमध्ये 'द इलेव्हन' शोधा. अकरा मात्रांचं आवर्तन आहे, हातावर धरून ऐका. फेब्रुवारी 1971 ते ऑक्टोबर 1974 या काळात हार्ट बँडमध्ये नव्हता, तेव्हा एकच ड्रमर. दोन ड्रमरांची जुगलबंदी ऐकायची असेल तर ती वर्षं वगळा.

आणि हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं: तारखा अमेरिकी पद्धतीनं लिहिलेल्या असतात. 5/8/77 म्हणजे 8 मे. मी 5 ऑगस्ट शोधत बसलो होतो. फोल्डरला नाव देताना 1977-05-08 असं द्या, सगळे शो आपोआप क्रमानं लागतात, आणि वंशावळीचा मजकूर त्याच फोल्डरमध्ये ठेवा.