हिवाळ्यातली शिडाची सफर : एका नवखीचा अनुभव

हिवाळ्यात शिडाच्या बोटीवर कशाला जायचं, असं निघण्याआधी मला जवळजवळ प्रत्येकाने विचारलं. खरं उत्तर अगदी साधं होतं. उन्हाळ्यातल्या सगळ्या जागा भरल्या होत्या आणि मला वर्षभर थांबायचं नव्हतं. 11 मीटर लांबीच्या एका बोटीवर चौथा माणूस हवा होता. स्किपर (बोटीची कप्तान), तिचा मेट (मदतनीस), माझ्याइतकाच कोरा असलेला एक निवृत्त शिक्षक आणि मी, एवढीच मंडळी. अनुभवाची अट नव्हती. कपड्यांची यादी मात्र दोन पानी होती आणि ‘सुती काहीही आणू नका’ हे वाक्य त्यात दोनदा आलं होतं.

स्किपरने फोनवर आणखी एक गोष्ट सांगितली, तेव्हा ती माझी समजूत घालतेय असंच मला वाटलं. समुद्र सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो. त्यामुळे उत्तर गोलार्धात पाणी सगळ्यात गार होतं ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि डिसेंबरच्या सुरुवातीचं पाणी बऱ्याच ठिकाणी एप्रिलमधल्या पाण्यापेक्षा कोमट असतं. हे खरंच आहे. जाच असतो तो हवेचा आणि अंधाराचा. 50 अक्षांशावर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस जेमतेम 8 तासांचा उरतो. पल्ला जरा लांबचा असला की त्यातला निम्मा काळोखात कापावा लागतो.

तीन थर घाला, हे सगळेच सांगतात. अंगालगत बारीक लोकर, त्यावर फ्लीस, सगळ्यात बाहेर पाणी आणि वारा अडवणारा जाड पोशाख. सूत पाणी धरून ठेवतं आणि अंगाला चिकटून बसतं. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब देत राहते. एवढं वाचून कळतं. बोटीवर गेल्यावर कळतं ते असं, की कपडे थंडी वाजायच्या आधी चढवायचे असतात. एकदा हुडहुडी भरली की वर कितीही थर चढवा, आतली शेकोटी पेटायला तासभर लागतो. शीड उभारताना, विंच (दोर ओढायचा हाती रहाट) फिरवताना घाम येतो, तेव्हा एक थर उतरवायचा. नाहीतर तोच घाम अर्ध्या तासाने पाठीवर गार पडतो. पहिल्या दिवशी मेटने मला शिडांबद्दल जेवढं सांगितलं, त्यापेक्षा जास्त वेळा ‘चेन खाली कर’, ‘टोपी घाल’, ‘मोजे बदल’ हेच सांगितलं.

हातमोज्यांचा प्रश्न कुणालाच सुटलेला नव्हता. शिडाच्या खेळासाठी म्हणून विकतात ते अर्ध्या बोटांचे मोजे हिवाळ्यात निरुपयोगी ठरतात. मेटकडे मासेमार वापरतात तसले जाड रबरी मोजे होते, आत लोकरीचं अस्तर असलेले. दिसायला भयंकर, पण हात कोरडे राहायचे. गाठ मारायला मात्र मोजे काढावेच लागतात, आणि गार पडलेल्या बोटांना गाठ जमत नाही. म्हणून निघण्याआधी स्किपरने आम्हा दोघा नवख्यांकडून बोलाइन ही न आवळणाऱ्या वळशाची गाठ डोळे मिटून घालून घेतली. हात पाठीमागे घेऊन, बर्फाच्या पाण्यात बुडवून काढून, पुन्हा पुन्हा.

या सगळ्या थरांची खरी परीक्षा होते ती शौचालयात. हे सहसा कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. जागा फडताळाएवढी, बोट 20 अंशांनी कललेली, आणि तुम्ही डोकं भिंतीला टेकवून तोल सांभाळत चेनमागून चेन उघडताय. आधी झडप उघडायची, मग पंप मारायचा, मग न विसरता झडप बंद करायची. भांडं बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली असतं, त्यामुळे उघड्या राहिलेल्या झडपेतून समुद्र आत येऊ शकतो. या कसरतीच्या धास्तीने नवखी माणसं पाणी प्यायचंच टाळतात. पाणी कमी झालं की अंग लवकर गारठतं, डोकं दुखतं आणि बोट लागायला निमित्त मिळतं. मेटला हे पक्कं ठाऊक होतं. आमच्या बाटल्या किती रिकाम्या झाल्या, हे तो चक्क उचलून पाहायचा.

धक्क्यावरचा पहिला अर्धा दिवस सुरक्षेत गेला. लाइफजॅकेट पाण्यात पडल्यावर आपोआप फुगणारं होतं. त्याचा दोन मांड्यांमधून जाणारा पट्टा अवघडल्यासारखा वाटतो, पण तो नसेल तर फुगलेलं जॅकेट वर सरकतं आणि माणूस खाली राहतो. साधारण 150 न्यूटनचं (न्यूटन हे तरंगवणाऱ्या जोराचं माप) जॅकेट बेशुद्ध माणसाला उताणं करू शकतं. पण अंगावर जाड कपडे असतील तर त्यात अडकलेली हवा आडवी येते. हिवाळ्यात काही लोक 275 न्यूटनचं घालतात ते याचसाठी. डेकच्या दोन्ही बाजूंना पुढून मागपर्यंत मजबूत पट्टे ताणलेले होते. नियम एकच होता. केबिनच्या पायऱ्यांवरून डोकं बाहेर काढण्याआधी हार्नेसची (अंगावरच्या पट्ट्याची) कडी डेकच्या पट्ट्यात अडकवायची आणि पूर्ण आत आल्यावरच काढायची. दिवस असो, समुद्र सपाट असो, किनारा हाकेवर असो, सूट कुणालाच नाही.

त्यामागचं कारण स्किपरने आकड्यांत सांगितलं. कॅनडातले संशोधक गॉर्डन गिसब्रेख्त यांनी लोकप्रिय केलेलं 1-10-1 हे सूत्र. गार पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट श्वासावर ताबा मिळवण्यात जातं. धाप लागते, आणि त्याच वेळी तोंड पाण्याखाली असेल तर खेळ तिथेच संपतो. पुढची साधारण 10 मिनिटं हातपाय तुमचं ऐकतात. शरीर इतकं गार पडून शुद्ध हरपायला साधारण 1 तास लागतो. म्हणजे माणूस गारठून मरतो त्याच्या कितीतरी आधी त्याच्या हातांतलं बळ जातं, आणि दोर समोर असूनही तो धरता येत नाही.

मग प्रत्यक्ष सराव झाला. फेंडरला (बोट धक्क्याला घासू नये म्हणून लावायच्या फुग्याला) बादली बांधून ती पाण्यात फेकली आणि बोटाने तिच्याकडे दाखवत उभं राहायचं काम माझ्याकडे आलं. बाकी काही करायचं नाही, कुणी हाक मारली तरी मान वळवायची नाही. मला ते फारच क्षुल्लक वाटलं, लाटा मध्ये येईपर्यंत. 6 नॉट (ताशी 6 सागरी मैल) वेगाने चालणारी बोट एका मिनिटात 185 मीटर पुढे जाते. तेवढ्या अंतरावर अर्ध्या मीटरची लाटसुद्धा फेंडर गिळून टाकते, आणि माणसाचं डोकं फेंडरपेक्षा फार मोठं नसतं. बोट वळवून परत आणणं मेटने सहज केलं. कठीण निघालं ते वर काढणं. भिजलेल्या जड कपड्यांतला माणूस दोघांना उचलत नाही, त्याला हॅलयार्डने, म्हणजे शीड वर ओढायच्या दोराने, विंचवर ओढावं लागतं, आणि जमेल तितकं आडवं ठेवून. गारठलेल्या माणसाला उभं उचललं तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो.

निघालो तेव्हा वाऱ्याचा अंदाज बोफर्ट 5 चा, रात्री 6 होईल असा होता. फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने 1805 मध्ये बसवलेली ही मोजपट्टी अजून चालते. तिची मूळची व्याख्या वाऱ्याच्या वेगाची नव्हतीच, युद्धनौकेने किती शिडं ठेवावीत याची होती. मला ती तशीच जास्त उमगली. 6 म्हणजे 22 ते 27 नॉट हे ऐकून डोळ्यासमोर काही येत नाही. 6 म्हणजे मुख्य शीड दोन घड्या लहान, हे ऐकलं की कळतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. त्यात 0 अंशाची हवा 20 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 7 टक्के घन असते, म्हणून तेवढाच वारा हिवाळ्यात जरा जास्तच ढकलतो. स्किपरने उजेड असतानाच, वारा अजून मवाळ असताना, दुसरी रीफ (शिडाची घडी) घ्यायला लावली. बोट मंद झाली. शिक्षकमहाशय थोडे खट्टू झाले. त्यांना वेग हवा होता. मला त्या वेळी कुठल्याच गोष्टीचं दुःख नव्हतं, कारण मला मळमळत होतं.

बोट लागण्यावर सगळ्यांकडे एक हुकमी उपाय असतो. आलं, मनगटावरचा पट्टा, कोरडं बिस्किट. कानांना हालचाल जाणवते, डोळ्यांना केबिन स्थिर दिसते, आणि मेंदूचा गोंधळ होतो. हे समजलं म्हणून उलटी थांबत नाही. गोळी निघण्याआधी घेतली तरच उपयोग होतो, मळमळ सुरू झाल्यावर पोटात टिकत नाही. मला जे लागू पडलं ते असं : स्किपरने मला सुकाणूवर बसवलं, क्षितिज बघायला सांगितलं आणि वारा गालावर कुठे लागतो तेवढ्यावर लक्ष ठेव म्हणाली. तासाभरात मी माणसात आले. शिक्षक बिचारे खाली चार्ट (समुद्राचा नकाशा) बघायला गेले आणि मग रात्रभर बादलीशी त्यांचं सख्य जुळलं.

पहारे ठरले होते दिवसा तीन तासांचे, रात्री दोनाचे. उन्हाळ्यात रात्रीही तीन-चार तास चालतात म्हणे. हिवाळ्यात दोन तासांनंतर माणूस डोळे उघडे ठेवून काहीच बघत नाही, असं स्किपरचं मत होतं आणि दुसऱ्याच पहाऱ्याला ते मला पटलं. मी मेटबरोबर होते. दर अर्ध्या तासाला सुकाणूवरचा माणूस बदलायचा. जो मोकळा, त्याने आडोशाला बसायचं, बोटं हलवायची, गरम काहीतरी प्यायचं आणि तासाच्या ठोक्याला लॉगमध्ये (बोटीच्या नोंदवहीत) जागा, दिशा, वेग, वायुदाब लिहायचा. खाली उजेड लाल रंगाचा, कारण डोळ्यांना काळोख पुरता सरावायला अर्धा तास लागतो आणि पांढऱ्या दिव्याच्या एका झोताने ते सगळं फुकट जातं. मोबाइल वर आणायला बंदी होती, पण थंडीने त्याची बॅटरीच इतकी मलूल झाली की नियमाची गरज पडली नाही.

रात्रीचं बघणं ही मला या सफरीतली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. जहाजाच्या डाव्या बाजूला लाल दिवा, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा. लाल दिसला की त्याची डावी कूस आपल्याकडे आहे. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले की ते सरळ आपल्या अंगावर येतंय. कॉकपिटमध्ये (सुकाणूपाशी बसायच्या जागेत) बसल्यावर डोळे पाण्यापासून जेमतेम 2 मीटर वर असतात, आणि तिथून क्षितिज 3 सागरी मैलांच्या आतच संपतं. 20 नॉटने येणारं मालवाहू जहाज 3 मैल 9 मिनिटांत कापतं. एखादा दिवा बराच वेळ त्याच दिशेला राहून मोठा होत असेल तर टक्कर ठरलेली समजायची. म्हणून मेट हातातल्या होकायंत्राने दर दोन मिनिटांनी त्याची दिशा घ्यायला लावायचा. शिडाच्या बोटीला इंजिनवाल्यांनी वाट द्यावी असा नियम आहे, अपवादांसकट. त्या नियमावर विसंबून कुणी अडीचशे मीटर लांबीच्या पोलादासमोर उभं राहत नाही. आम्ही लवकर आणि ठळकपणे वळलो, म्हणजे त्यांच्या ब्रिजवरच्या (जहाज चालवायच्या कक्षातल्या) माणसाला आमचा इरादा कळावा.

पहाटेच्या सुमारास ओहोटीचा प्रवाह फिरला आणि वाऱ्याविरुद्ध वाहू लागला. वारा तोच, पण लाटा एकाएकी उभ्या, जवळजवळ आणि कंगोरेदार झाल्या. भरती-ओहोटीचे सहा तास सारखे नसतात. पहिल्या तासात बारा भागांतला एक भाग पाणी सरकतं, मग दोन, मग तीन-तीन, मग दोन, मग एक. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी धावतं, आणि आम्ही नेमके त्याच दोन तासांत होतो. स्किपरने हे आदल्या दुपारीच चार्टवर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं : या वेळेत स्वयंपाक नाही, सगळे गरम थर्मास आधी भरा.

खालची गोष्ट वेगळीच. चार माणसांचा श्वास, ओले कपडे, किटलीची वाफ, बाहेर गार फायबरग्लास. छतावरून थेंब टपकायचे ते बरोबर उशीवर. डिझेलचा हीटर लावला की एक खिडकी किलकिली ठेवायची आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म रोज दाबून तपासायचा. शेगडीला प्रोपेन होता, कारण ब्युटेन उणे 0.5 अंशाखाली वायू व्हायचंच नाकारतो. दोन्ही हवेपेक्षा जड, गळती झाली तर बोटीच्या तळाशी साचतात. चहा झाला की सिलिंडरची कळ बंद, आणि बंद केल्याचं मोठ्याने बोलून सांगायचं.

मुक्कामाला पोचलो तेव्हा आदल्या पावसाच्या शिडकाव्याचं गोडं पाणी डेकवर गोठून काच झालं होतं. मेटने समुद्राचीच बादली भरून ओतली. खारं पाणी उणे 1.8 अंशांपर्यंत गोठत नाही, त्यामुळे बर्फ सुटतो. बांधायचे दोर मात्र ताठ झाले होते, कड्यावर वळेनात. शिक्षकांनी त्यातले काही आधीच हीटरजवळ आणून ठेवले होते. रात्रभर बादलीला धरून असलेल्या माणसाला हे सुचलं याचं स्किपरला फार कौतुक वाटलं. मी पुढचा दोर घेऊन धक्क्यावर उतरले. उडी मारायची नाही, पाऊल टाकायचं, हे मेट तोवर दहादा ओरडला होता. गाठ पहिल्या फटक्यात बसली. मग स्किपरने लॉग मागितला, माझ्या नावापुढे रात्रीचे तास वेगळे लिहिले, आणि परतीच्या प्रवाहाची वेळ पहाटे चारची असल्याचं सांगून झोपायला पिटाळलं.