नळी चांगली दिसते, मग बदलायची कशाला?

तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो. जुनी फोक्सवॅगन कॅम्पर व्हॅन घेतलेले इंग्लंडमधले मराठी स्नेही मला नेहमी विचारतात, की गाडीत पेट्रोलचा थोडासा वास येतो पण गळती कुठेच दिसत नाही, तरीही टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागापर्यंतच्या) सगळ्या रबरी नळ्या एकदम बदलायचा हट्ट मी का धरतो; जी खराब झाली आहे तेवढीच बदलली तर काय बिघडले?

रबराचे आयुष्य मैलांवर नव्हे, वर्षांवर मोजायचे असते. एकाच वेळी बसवलेल्या नळ्या एकाच सुमारास म्हाताऱ्या होतात, त्यामुळे एक तडकली म्हणजे बाकीच्यांचीही वेळ भरत आलेली असते. त्यात या गाडीची रचना अशी, की चूक खपवून घेत नाही. जर्मनीत १९६७ ते १९७९ या काळात तयार झालेल्या या व्हॅनमध्ये टाकी मागच्या बाजूला, इंजिनालगतच्या पत्र्याआड असते. नळीचा मार्ग छोटा असला तरी तो गरम इंजिनाजवळून जातो, आणि १६०० सीसीच्या इंजिनाचे क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे मुख्य कवच, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असल्यामुळे त्याने एकदा पेट घेतला, की पाणी मारल्यावर आग विझण्याऐवजी भडकते.

जुन्या पद्धतीच्या नळीवर बाहेरून सुताची वीण असते. दिसायला ती झकास, पण तिच्याखाली रबराला गेलेल्या चिरा नजरेआड राहतात. अशी नळी टोकाशी काढून बोटांत दुमडून पाहावी; आतल्या कडेला केसासारख्या रेषा उमटल्या, तर पुढे तपासण्याचे कारण उरत नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून नेहमीच्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या घडणीचे रबर त्याने आधी फुगते व मऊ पडते, मग गाडी हिवाळाभर उभी राहिली की सुकून तडकते. कॅम्पर व्हॅन ही मुळातच वर्षातले बरेच महिने उभी राहणारी गाडी असल्याने तिला हा त्रास रोज धावणाऱ्या गाडीपेक्षा जास्त होतो. पाच टक्क्यांचे महागडे पेट्रोल भरल्याने त्रास लांबतो, टळत नाही.

नवी नळी घेताना तिच्यावरचा छापा वाचावा. एसएई जे३० आर९ असे मानक लिहिलेल्या नळीला आतून फ्लोरोइलॅस्टोमर या पेट्रोलला टिकणाऱ्या खास रबराचा थर असतो आणि इथेनॉल तिला सहसा बाधत नाही. ही नळी इंजेक्शनच्या, म्हणजे दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या, गाड्यांसाठी असते, कार्ब्युरेटरला इतकी भारी कशाला, असे दुकानदार सांगेल. त्याचे ऐकू नये. छापाच नसलेली स्वस्त नळी घेण्यापेक्षा मी जुनी नळी असलेली गाडी चालवायचीच नाही, असे म्हणेन. नळी, फिल्टर आणि क्लॅम्प मिळून होणारा खर्च टाकीभर पेट्रोलपेक्षा सहसा कमीच असतो. क्लॅम्पही कडा गोल वळवलेले, लहान बोल्टने आवळायचे घ्यावेत, कारण दातेरी पट्टीचे नेहमीचे क्लॅम्प बारीक नळीवर गोल बसत नाहीत आणि रबरात रुततात.

खरी गोम मात्र नळीपेक्षा जोडांत असते. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल ज्या पितळी तोटीतून शिरते, ती तोटी आट्यांवर बसवलेली नसून नुसती दाबून बसवलेली असते, आणि इंजिनाच्या थरथरीने ती कालांतराने सैल होऊ शकते. नळी काढलेली असताना तोटी चिमटीत धरून हलकेच फिरवून पाहावी. ती किंचितही हलली, तर आटे पाडून स्क्रूची तोटी बसवून घ्यावी. इंजिनावरच्या पत्र्यातून पेट्रोलचा पाइप जिथे आरपार जातो, तिथली रबरी कडी पुष्कळदा हरवलेली असते आणि पत्र्याची धार पाइपला घासत राहते. प्लास्टिकचा फिल्टर इंजिनावर, तोही स्पार्क प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या वर, लोंबकळत ठेवण्याची पद्धत तर मला कधीच पटलेली नाही. तो पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला असावा, म्हणजे पंपाचा दाब त्याच्यावर येत नाही.

आता वासाबद्दल. गळती दिसत नसताना वास येतो, तेव्हा माझा पहिला संशय टाकीच्या माथ्यावरून निघणाऱ्या हवेच्या नळ्यांवर आणि पेट्रोल भरण्याच्या तोंडाच्या रबरावर असतो, कारण तिथून थेंब न पडता वाफ सुटते. तिथे हात पोचण्यासाठी बहुधा इंजिन उतरवावे लागते, म्हणूनच क्लचचे काम निघाले की त्याच खेपेस हेही उरकून घ्यावे, असे मी सांगतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची तार काढावी आणि गॅसवर चालणाऱ्या फ्रिजची ज्योत विझल्याची खात्री करावी. साध्या मोटारीत नसलेली ही एक भानगड कॅम्परमध्ये असते, आणि ती हमखास विसरली जाते.

ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांपेक्षा जुन्या, फारसे फेरफार न झालेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीतून सूट आहे, त्यामुळे या वयाच्या बहुतेक व्हॅनखाली वर्षातून एकदा डोकावणारा परका माणूसही आता उरलेला नाही. इंजिन उतरवण्याची सोय घरी नसेल, तर खुशाल गॅरेजला काम द्यावे. फक्त नळी स्वतः विकत घेऊन द्यावी आणि काढलेले जुने तुकडे परत मागून घ्यावेत.