स्टुटगार्टच्या ओव्हनमध्ये नानकटाई

डिसेंबर लागला की इथे जर्मनीत ऑफिसात घरच्या बिस्किटांचे डबे फिरायला लागतात. शुक्रवारी एका कलीगने आणलेलं व्हॅनिलेकिप्फर्ल तोंडात टाकलं, म्हणजे करंजीच्या पिल्लाएवढं चंद्रकोरीसारखं बिस्कीट, मैदा, बटर, बदामाची पूड, वरून पिठीसाखर, आणि ते जिभेवर असं काही विरघळलं की मी कॉफीचा कप घेऊन तशीच उभी राहिले. अरे ही तर नानकटाई! वेलची नाही, तूप नाही, म्हणजे तशी नाहीच, पण डोक्यात बसली ती बसलीच.

रविवारी दुपारी अगदीच राहवेना. आणि रविवारी इथे दुकानं बंद, स्टेशनातलं एखादं सोडलं तर. ठाण्यासारखं नाही की चप्पल अडकवली आणि गोखले रोडला चक्कर मारून आलो. मैदा होता (इथे पाकिटावर ४०५ लिहिलेलं असतं तो), वेलची आईने दिलेली होती, तूप मात्र संपलेलं. मग २५० ग्रॅम बटर कढवलं, त्याचं २०० ग्रॅमच्या आसपास तूप निघतं, आणि बेरी मी साखर घालून उभ्याउभ्या खाल्ली, ती हिशोबात धरू नका.

आईला व्हिडिओ कॉल लावला. इथे तीन म्हणजे तिकडे साडेसात, तिच्या सिरियलची वेळ, त्यामुळे उत्तरं तुटक.

"एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, मैदा मावेल तेवढा."

"मावेल तेवढा म्हणजे किती गं?"

"हाताला कळतं."

खरं तर आमच्या घरी नानकटाई कधी भाजलीच नाही, ओव्हनच नव्हता. दिवाळीआधी आई सगळं सामान पिशवीत भरून चरईतल्या एका बेकरीत द्यायची, सोबत पत्र्याचा रिकामा डबा, त्यावर नावाची चिठ्ठी. तिथले काका मळून, भट्टीत भाजून द्यायचे, मजुरी किलोवर. संध्याकाळी मी आणि बाबा स्कूटरवरून डबा आणायला जायचो, तो मांडीवर घेतला की फ्रॉकमधून चटका लागायचा. गरम असताना हात लावायचा नाही, भुगा होतो, असं बजावलेलं असायचं आणि तलावपाळीपर्यंत मी झाकण उघडलेलं असायचं. एका वर्षी तर डबाच बदलला. कोणाची तरी चारोळी लावलेली नानकटाई आमच्या घरी आली, आणि आमच्यापेक्षा कितीतरी भारी होती! परत द्यायला कोणी गेलं नाही. आई आजही म्हणते की ती आपलीच होती.

तर इथे पहिला घाणा फसला. तूप कोमट असतानाच मी साखर फेसली, ओव्हनमध्ये सगळे गोळे पसरून एकमेकांना चिकटले, ट्रेभर एकच चपाती.

"अगं तूप थिजू दे की! बाल्कनीत ठेव." बाहेर दोन डिग्री होतं, थोड्याच वेळात घट्ट तूप तयार. मेमध्ये ठाण्यात हे कसं करणार होते देव जाणे. मग ते पांढरं, हलकं होईपर्यंत फेसलं, हात भरून आला, मैदा सव्वादोन वाट्या मावला.

दुसरा घाणा १६० डिग्रीवर पंधरा मिनिटं. दाबून बघितलं तर मऊ, म्हणून आणखी सात मिनिटं ठेवला आणि बुडाशी करपला. आतून काढताना ती मऊच असते, गार झाली की खुसखुशीत होते, हे आईला ठाऊक नव्हतं, काकांना असणार.

तिसऱ्याला जमलं. वरून छान भेगा पडल्या, घरभर वेलचीचा वास. एक उचलून फोनसमोर धरली. आईने चष्मा लावून नीट बघितलं.

"चारोळी नाही लावलीस? आपल्या नानकटाईला असते."