स्टेशन आयलंडवर अनवाणी

स्टेशन आयलंड हे आयर्लंडमधलं ख्रिस्ती यात्रेचं बेट. तिथे पोचलं की आधी बूट-मोजे काढायचे, ते तिसऱ्या दिवशी निघतानाच पुन्हा घालायचे. उपास आदल्या मध्यरात्रीपासूनच लागलेला. दिवसातून एकदा कोरडा टोस्ट किंवा ओटची भाकरी आणि बिनदुधाचा चहा. आजीची पंढरीची वारी लहानपणी मला कळायची ती तिच्या भेगाळलेल्या टाचांवरून. नोकरीसाठी डब्लिनला आल्यावर डोनेगॉल काउंटीतल्या लॉख डर्ग तळ्यातल्या या बेटाबद्दल ऐकलं, आणि त्या टाचा आठवल्या. इथे कुठल्याही धर्माच्या माणसाला मज्जाव नाही.

बेट इतकं लहान, की काठावरून पाहिलं तर इमारती थेट पाण्यातूनच वर आल्यासारख्या दिसतात. बॅसिलिकेशेजारी, म्हणजे इथल्या मोठ्या चर्चशेजारी, उतारावर दगडांची वर्तुळं आहेत, त्यांना 'बेड' म्हणतात. ही जुन्या साधूंच्या कुटींची जोती. ब्रिजिड, ब्रेंडन, कॅथरिन, कोलंबा, पॅट्रिक अशी संतांची नावं त्यांना दिलेली. बाहेरून तीन प्रदक्षिणा, दाराशी गुडघे टेकायचे, मग आतून तीन, मग मधल्या क्रुसापाशी पुन्हा गुडघे. प्रदक्षिणा आपल्यासारखीच, उजवी घालून. शेवटी तळ्याच्या काठाशी उभं राहून प्रार्थना. हे सगळं मिळून एक 'स्टेशन', साधारण तासाभराचं. अशी तीन दिवसांत नऊ.

आयर्लंडमधले बरेच पडके मठ मी पाहिले आहेत. पाटी वाचायची, फोटो काढायचा, निघायचं. इथे पावसाने निसरड्या झालेल्या दगडांवर पाऊल ठेवताना प्रत्येक दगड वेगळा कळत गेला. कुठला हलतो, कुठला टोचतो, कुठला घासून गुळगुळीत झालाय. तो कोणाच्या पायांनी झाला, हे सांगावं लागत नाही. लोक ओठांत त्यांच्या प्रार्थना म्हणत होते, मी 'रामकृष्णहरी' म्हणत होतो.

रात्री झोपायचं नाही. चार स्टेशनांच्या प्रार्थना बॅसिलिकेत सगळ्यांनी मिळून म्हणायच्या, मधल्या वेळात बाहेर येऊन एकमेकांना जागं ठेवायचं. बाकावर शेजारी बसलेल्या एका आजींनी घंटेच्या मनोऱ्याकडे बोट दाखवलं. गुहा तिथे होती. मृत्यूनंतर आत्म्यांना भोगाव्या लागणाऱ्या यातना संत पॅट्रिकला त्या गुहेत दिसल्या, अशी श्रद्धा. त्यासाठी मध्ययुगात युरोपभरातून माणसं या तळ्याकाठी येत. १४९७ मध्ये पोपच्या हुकमाने ती गुहा बंद झाली. १६३२ मध्ये सरकारने इथली प्रार्थनास्थळं मोडून टाकली. १७०४ च्या कायद्याने अशा यात्रेला जाणाऱ्याला १० शिलिंग दंड, नाहीतर जाहीर फटके. तरी लोक येतच राहिले. आजी हे सांगत होत्या आणि मी त्यांच्या पायांकडे पाहत होतो. गार पडलेले, लालबुंद, माझ्या आजीच्या वयाचे.

पहाटे बॅसिलिकेतल्या, काचचित्रकार हॅरी क्लार्कच्या १४ खिडक्यांमधल्या काचांना हळूहळू रंग चढत गेला. डोळे जड झालेले असताना तो निळा रंग पाहिला, तो आता विसरणं शक्य नाही.

तिसऱ्या दिवशी नववं स्टेशन करून बोटीत बसलो. १२ जुलै १७९५ रोजी याच पाण्यात यात्रेकरूंची बोट बुडाली, ९० जण गेले. बोटीत कोणी फारसं बोललं नाही. आजींनी काठावर उतरल्यावर माझा हात घट्ट दाबला. उपास मध्यरात्रीपर्यंत चालूच होता, आणि बुटाच्या आतसुद्धा डाव्या टाचेला ब्रेंडनच्या जोत्यावरचा तो टोकदार दगड लागत होता.