‘अबॉर्शन’ हा शब्द आणि माझी ४२ दिवसांची रजा

२०२२ च्या पावसाळ्यात मला दुसऱ्यांदा दिवस राहिले होते. दहाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी ९ मिलिमीटर भरली, पण ठोके नव्हते. आतून केलेल्या सोनोग्राफीत लांबी ७ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असूनही ठोके दिसले नाहीत, तर गर्भाची वाढ थांबली असे समजतात, हे डॉक्टरांनी कागदावर आकडे मांडून सांगितले. दुसऱ्या ठिकाणी खात्री करून घेतली, मग औषध आणि शेवटी क्युरेटिंग झाले. घरी निघताना हातात जे डिस्चार्ज कार्ड आले, त्यावर निदान म्हणून दोनच शब्द होते : ‘मिस्ड अबॉर्शन’.

सासऱ्यांनी ते कार्ड चष्मा लावून वाचले आणि मला काही न विचारता नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाले, “अरे, यात पाडलं असं का लिहिलंय?” मला राग आला नाही, कारण तो प्रश्न माझ्याही मनात येऊन गेला होता.

तपासणीच्या वेळी डॉक्टरांना विचारले तेव्हा समजले की वैद्यकात ‘अबॉर्शन’ म्हणजे बाळ बाहेर जगू शकेल त्याआधीच गर्भधारणा संपणे, एवढाच अर्थ आहे. ती आपोआप संपली की संपवली, हे त्या शब्दात नसून त्याच्या आधी लावलेल्या विशेषणात असते. ‘स्पॉन्टेनियस’ म्हणजे आपोआप झालेला आणि ‘इंड्यूस्ड’ म्हणजे केलेला. ‘थ्रेटन्ड’ असेल तर रक्तस्राव होत असला तरी गर्भ टिकण्याची आशा असते. ‘मिस्ड’चा अर्थ मात्र मला नीट ऐकून घ्यावा लागला : गर्भ आतच दगावलेला असतो, पण गर्भाशयाचे तोंड बंदच राहते आणि शरीर त्याला बाहेर टाकत नाही. कार्डाच्या कोपऱ्यात ‘जी२ पी१ एल१ ए१’ असेही लिहिले होते. दोनदा गर्भ राहिला, एक बाळंतपण, एक मूल हयात आणि एक ‘अबॉर्शन’. त्या ‘ए’लाही झालेला आणि केलेला यांत फरक करता येत नाही.

आपल्याकडे हा फरक क्रियापद सांभाळते. गर्भपात ‘झाला’ आणि गर्भपात ‘केला’ यांत कोणाचा गोंधळ होत नाही. पडणे आणि पाडणे ही तर लहान मुलालाही कळणारी जोडी आहे. आयुर्वेद शिकलेल्या माझ्या मावशीने सांगितले की त्यांच्या ग्रंथांत चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेला तर ‘गर्भस्राव’ आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात गेला तर ‘गर्भपात’ म्हणतात. म्हणजे तिच्या हिशेबाने माझा गर्भपात झालाच नव्हता. माझ्या कार्डावर मात्र नुसते नाम होते आणि क्रियापद ज्याने त्याने आपल्या मनाने जोडायचे होते.

कार्यालयात ते जोडले गेलेच. रजेच्या अर्जासोबत कार्ड दिले, तेव्हा मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी आवाज खाली आणून विचारले, “मॅडम, मिस्ड म्हणजे फसलं का? आणि करून घेतलं असेल तर ती आजारी रजा होते.” दोन्ही गोष्टी चुकीच्या होत्या. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याच्या कलम ९ नुसार, गर्भपात झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि १९९५ च्या दुरुस्तीनंतर कायदेशीररीत्या करून घेतलेल्या गर्भपातालाही तीच रजा आहे. म्हणजे झाला की केला, हे विचारण्याचे रजेपुरते काही कारणच नव्हते. हे मला आधी ठाऊक असते, तर मी स्पष्टीकरण देत बसले नसते.

पण तेव्हा मी डॉक्टरांकडे पुन्हा गेले आणि वेगळे प्रमाणपत्र मागितले. त्यांनी कुरकुर न करता ते लिहून दिले. त्यात ‘मिसकॅरेज’ हा शब्द, किती आठवडे झाले होते, क्युरेटिंगची तारीख आणि आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला ‘ओ ०२.१’ हा सांकेतिक क्रमांक होता. केलेल्या गर्भपाताचा क्रमांक ‘ओ ०४’ असा वेगळा असतो, त्यामुळे विशेषणाचे काम त्या आकड्याने केले. अर्जात मी कलमाचा क्रमांक घातला, कारण सांगणारा परिच्छेद काढून टाकला आणि मागील बारा महिन्यांत ८० दिवस काम केल्याची अट पूर्ण होत असल्याची एक ओळ लिहिली.

चार दिवसांनी ४२ दिवसांची रजा मंजूर झाल्याचे पत्र आले. तोवर त्यातले अकरा दिवस उलटून गेले होते आणि ते आजारी रजेत धरले गेले होते. ते परत जमा करून घेण्यासाठी मला आणखी एक मेल लिहावा लागला.